पाठीवरची पुतळी

अंबाबाईचं दर्शन घेऊन गुजरीत शिरलं की थोडं पुढं बाळासोंचं सोन्याचं दुकान लागतं, आणि दुकानाच्या पायरीवर झुंबरबाई बसलेल्या असतात. दुकानाला मोठी पाटी आहे, काचेचं दार आहे, आत एसी आहे. पण पत्ता सांगताना बायका सांगतात तो असा, की पायरीवरच्या मावशींचं दुकान.

झुंबरबाईंचं काम दागिने गाठवायचं. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा फासा, दुसरं टोक दातात, मांडीवर लाल फडकं आणि शेजारी मेणाचा गोळा. साज, बोरमाळ, मोत्याचा सर, काळ्या मण्यांचं डोरलं, जे येईल ते त्यांच्या हातात जायचं आणि दोऱ्यावर चढून परत यायचं. सोनार घडवतो, पण बाईच्या अंगावर दागिना बसतो तो गाठवणारीच्या दोऱ्यावर, असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

वय बासष्ट. माहेर शाहूवाडीकडचं, भाताच्या खाचरातलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा सोनं म्हणजे गळ्यातले दोन मणी एवढंच ठाऊक. सासरे पिढीजात गाठवणारे. सून कामाची निघते का बघायला त्यांनी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि तळहातावर एकेक मणी ठेवत गेले. हा पोकळ की भरीव? ह्याच्यात लाख हाय का? हा घासलेला की नवा? चुकलं की तळहातावर टिचकी बसायची. वर्षभर टिचक्या खाल्ल्यावर बोटं शहाणी झाली. मामंजी म्हणायचे, सोनं डोळ्याला फसवतं, बोटाला फसवायची त्याची टाप न्हाय.

त्याच मामंजींनी एक गोष्ट सांगितली होती. पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या गोल सोन्याच्या चकत्यांची, माळ गाठवायला बसले की हमखास सांगायचे. ह्या सगळ्या पुतळ्यांची एक आई हाय. समुद्रापलीकडनं जहाजात बसून आलेली. आपल्या सोनारांनी तिला समोर ठेवून ठसा कोरला आणि तिच्यासारख्या हजारो लेकी पाडल्या. आईच्या अंगावर अक्षरं असतात. सोनाराला ती वाचता कुठं येत होती, म्हणून लेकींच्या अंगावर नुसत्या रेघा आल्या. मी उभ्या जन्मात एकदाच बघितली, तीही दुसऱ्याच्या हातात. तुझ्या हातात आली तर सोडू नगंस.

मामंजी गेले, पुढं नवराही गेला, पायरीवर झुंबरबाई एकट्या राहिल्या. चाळीस वर्षांत किती पुतळ्या बोटांखालून गेल्या त्याला गणती नाही. प्रत्येकीच्या कडेनं त्यांनी अंगठ्याचं नख फिरवून बघितलं. रेघा, रेघा आणि रेघा.

आता दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाळासो सारखे मागं लागायचे, मावशी, ऑपरेशन करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम हाय. झुंबरबाई दिवाळीवर ढकलायच्या, मग संक्रांतीवर. खरी भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नजर परत आली आणि बोटं विसरली तर?

नवरात्र उठून आठवडा झाला होता. शुक्रवार होता, गुजरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अकराच्या सुमाराला शिरोळकडची क्रांती दुकानात आली. चाळिशीची, ठसठशीत, आवाज असा की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघेल. नवरा कृष्णात बिंदू चौकात गाडीत बसून होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होता. लेक स्वप्नाली हिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच ठरलेलं. तिला नव्या पद्धतीचा हार करायचा होता, आणि त्यासाठी सासूबाईंची पंचवीस पुतळ्यांची माळ मोडीत घालायची होती. बाळासोंनी सांगून ठेवलं होतं की मागच्या गल्लीतल्या कारागिराची भट्टी आज एकला पेटणार. आजची पाळी चुकली तर दिवाळी झाल्याशिवाय हाराला हात लागणार नाही.

क्रांतीनं दोन कामं पायरीवर टाकली. एक तर माळेचा दोरा कापून पुतळ्या सुट्या करायच्या. दुसरं तिचं स्वतःचं डोरलं. त्याचा दोरा बुधवारीच वाढला होता. तुटला म्हणायचं नसतं. तेव्हापासून तिनं गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घातला होता आणि कधी एकदा डोरलं गळ्यात पडतंय असं तिला झालं होतं.

"आणि मावशी," ती म्हणाली, "त्यातली एक पितळी हाय. मानेच्या मागची. सासूबाईंनी बजावलंय, ती आधी बाजूला काढ, न्हाईतर सोनार सगळ्याच माळेला नावं ठेवंल."

झुंबरबाईंनी दोरा कापला. फडक्यावर पुतळ्या पडल्या, टप टप टप. त्यातली एक पडली तिचा आवाजच वेगळा आला, भरीव आणि दबका. त्यांनी हात नेमका तिच्यावर ठेवला आणि उचलली.

पहिल्यांदा अंगठ्याला लागली ती कड. बाकीच्यांच्या कडा कानशीनं घासून गोल केलेल्या. हिची कड झिजून मऊ झालेली, एका बाजूला किंचित वाकलेली. बाकीच्यांची पाठ कोरी आणि खोलगट. हिच्या दोन्ही अंगांना चित्र. पिढ्यान्‌पिढ्यांचं हळदकुंकू खळग्यांत घट्ट बसलेलं. त्यांनी नख कडेनं हळू फिरवलं आणि मध्येच थांबल्या. पुन्हा फिरवलं. दातातलं दोऱ्याचं टोक कधी सुटलं ते त्यांना कळलं नाही.

रेघ नव्हती. एक उभा दांडा, त्याला पोट. मग एक आडवी वळलेली गोष्ट, नागिणीसारखी. मग दोन दांडे वरनं जोडलेले. प्रत्येक खूण दुसरीपेक्षा निराळी. रेघा अशा नसतात. रेघा मारणारा कंटाळतो आणि सगळ्या सारख्याच मारतो.

चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी बाळासोंना हाक मारली आणि ही एक जरा तपासून द्या म्हणाल्या.

बाळासो चार गिऱ्हाइकांत अडकलेले. पितळ तपासून मशीन कशाला बाटवू, असं पुटपुटत त्यांनी पुतळी यंत्रात ठेवली. पडद्यावर आकडा आला. त्यांनी पुतळी काढली, पुसली, उलटी करून ठेवली. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा समोरची गिऱ्हाइकंही वाकून बघायला लागली. शंभर नंबरी सोनं, नावाला सुद्धा तांबं नाही.

मग बाळासोंनीच उलगडून सांगितलं. माळेतल्या बाकीच्या चोवीस पुतळ्यांत तांब्याचा हिस्सा होता, म्हणून त्या तांबूस दिसायच्या. त्यांच्यात ही निव्वळ सोन्याची, म्हणून पिवळीधमक. आणि चोवीस तांबूस बायकांत एक पिवळी बसली की लोक तिलाच पितळ म्हणणार. सगळ्यांत चोख होती, म्हणून खोटी ठरली आणि मानेमागं गेली.

क्रांतीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. स्वप्नालीनं फोटोत पसंत केलेल्या हाराला सोनं जरासं कमी पडत होतं, दोन पाकळ्या गाळाव्या लागणार होत्या. ही पुतळी धरली की हार पुरा बसत होता. ती म्हणाली, देवीनंच हात दिला बघा, घाला की हीपण. आणि बाळासोंनी ती पुतळी ताटलीत बाकीच्या चोवीस पुतळ्यांवर टाकली. टिक्.

त्या आवाजानं झुंबरबाईंना आपण काय केलं ते उमगलं. इतकी वर्षं पितळ म्हणून हिच्याकडं कुणी मोडायच्या नजरेनं बघितलं नव्हतं. पितळ होती तोवर सुखरूप होती. आणि आपण शहाणपणा करून तिला सोनं ठरवलं आणि भट्टीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. दुकानातल्या घड्याळाकडं त्यांनी बघितलं. काटे दिसले नाहीत. बाळासो म्हणाले, साडेअकरा.

झुंबरबाई उठून दुकानात गेल्या. गिऱ्हाइकाच्या वेळेला त्या आत कधी जात नसत. ताटलीतनं नेमकी तीच पुतळी उचलून त्यांनी मुठीत धरली आणि सांगितलं की ही मोडायची नाही, ही आई आहे. मामंजींची गोष्ट बाळासोंनी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. ते हसले नाहीत, पण दमले.

"मावशी, तुम्हाला अक्षरं दिसली?"

"दिसली न्हाईत. लागली."

बाळासोंनी डोळ्याला भिंग लावून बघितलं. कुंकवाचं कीटण, त्यात काहीतरी ओरखडे. ओरखडे तर बाकीच्या चोवीसवरही होते. ते म्हणाले, जुनं सोनं आहे एवढं खरं, पण जुनं सोनं रोज मोडीत येतं. क्रांती तर सरळच बोलली, की मावशी, तुमच्या आईपायी माझ्या लेकीचा हार अर्धा ठेवू काय? तरी बाळासोंनी पायरीवरच्या चाळीस वर्षांचा मान ठेवला. भट्टी एकला पेटेल, तोवर ज्याला दाखवायचं त्याला दाखवा, म्हणाले.

दाखवायचं कुणाला, हे झुंबरबाईंना ठरलेलंच होतं. संघप्रिया. गारगोटीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी, तिशीतली. जुन्या नाण्यांचा तिला भारी नाद. सुटीच्या दिवशी गुजरीत येऊन मोडीत आलेलं काय-काय बघायची, भट्टीत जाण्याआधी निदान फोटो तरी काढू द्या म्हणून सोनारांच्या विनवण्या करायची. सोनार तिला नाणेवाल्या मॅडम म्हणून चिडवायचे. झुंबरबाईंशी तिचं जमलं, कारण ती पायरीवर बसून त्यांच्याकडनं हातानं बघायला शिकायची.

फोन लागेना. वर्गात असणार. क्रांतीनंच, जरा घुश्श्यात का होईना, दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवले. बारा वाजले. सव्वाबारा झाले. कृष्णातचे तीन फोन येऊन गेले. झुंबरबाई पायरीवर बसून क्रांतीचं डोरलं गाठवायला लागल्या, पण एका मुठीत पुतळी तशीच होती आणि ओठांवर अंबाबाईचं नाव.

साडेबाराला फोन वाजला. संघप्रिया धापा टाकत बोलत होती; फोटो बघून ती वर्गाबाहेर पळत आली असावी. पाठीमागच्या अंगाला कोण उभं आहे आणि त्याच्या भोवतीनं टिंबं आहेत का, असं तिनं विचारलं. झुंबरबाईंनी डोळे मिटले, नखाचं टोक फिरवलं. टिंबं न्हाईत, म्हणाल्या, प्रत्येकाला टोकं हाईत. टोचतात. चांदण्या असतील.

पलीकडनं संघप्रियाचा आवाज एकदम चढला.

"मावशी, ती घासू नका, धुऊ नका, रिठ्यात तर मुळीच घालू नका. आणि काय वाट्टेल ते करा, भट्टीत जाऊ देऊ नका. मी निघाले."

निघाली खरी, पण गारगोटीहून कोल्हापूर म्हणजे एसटीनं दीड तास धरा, वर मुदाळतिट्ट्याला गर्दी असली तर आणखी अर्धा. आणि भट्टीला राहिला होता अर्धाच तास. झुंबरबाईंनी बाळासोंना विनवलं; त्यांनी कारागिराला फोन लावला. कारागीर म्हणाला, चार दुकानांचा माल थांबलाय, एक म्हणजे एक. क्रांतीनं पाकिटातनं हाराचा फोटो काढून काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, माझं सोनं, माझी लेक, मला घाई हाय. तिचंही काही चुकत नव्हतं.

झुंबरबाई परत पायरीवर आल्या. मांडीवर क्रांतीचं डोरलं अर्धं ओवून पडलं होतं. इकडं काळे मणी, तिकडं काळे मणी, मधे सोन्याच्या वाट्या. त्यांनी मूठ उघडली. पुतळीला वर कडी होतीच, कुणीतरी कधीतरी डाख देऊन लावलेली. त्यांनी दोरा अंगठ्याला ताणला.

गुजरीत गाठवणाऱ्यांचा एक रिवाज आहे. डोरल्याची शेवटची गाठ मारताना अंबाबाईचं नाव घेतात, आणि नाव घेऊन मारलेली गाठ त्या दिवशी सोडत नाहीत. शुक्रवारी तर नाहीच नाही. सोनारही त्याला हात लावत नाही. गळ्यातलं डोरलं उतरवून द्या म्हणायची कुणाची छाती होणार?

क्रांती दाराशी उभी राहून नवऱ्याला फोनवर समजावत होती. झुंबरबाईंनी तिला खाली बसवलं, डोरलं गळ्यात घातलं, अंबाबाईचं नाव घेतलं आणि मानेमागं गाठ ओढली. मग हळकुंडाचा पिवळा दोरा सोडवून तिच्या हातात दिला. क्रांतीनं सवयीनं डोरलं डोळ्यांना लावलं. आणि थांबली. वाट्यांच्या शेजारी काहीतरी जड लागत होतं.

"मावशी, हे काय ओवलंय तुम्ही?"

"तुझीच वस्तू तुझ्या गळ्यात घातलीया. आता भट्टीवाल्याला म्हणावं, ये आणि ने."

शेजारी साज गाठवून घ्यायला बसलेली बाई फिसकन हसली, तिच्यामागं दुसरी. बाळासो दार उघडून बाहेर आले, सगळा प्रकार बघितला आणि कपाळावर हात मारून तिथंच टेकले. क्रांती मात्र भडकली. तिला न विचारता तिच्या सौभाग्याच्या दागिन्यात हात घातला म्हणजे काय! झुंबरबाईंनी एका शब्दानं प्रतिवाद केला नाही. चुकलं म्हणाल्या. संघप्रिया जर येऊन रेघा हाईत म्हणाली, तर उद्या सकाळी स्वतःच्या हातानं सोडवून देईन आणि परत ह्या पायरीवर बसणार न्हाय. चाळीस वर्षं बसले, बास झालं.

क्रांतीनं रागारागानं शिरोळला सासूबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. बनाबाई पंचाहत्तरीच्या, कान थोडे जड, म्हणून त्यांचा आवाज सुनेपेक्षाही चढा. सुनेचं गाऱ्हाणं त्यांनी पुरतं ऐकलं. पितळ नव्हतं हे त्यांनी तिच्याकडनं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या:

"शुक्रवारची गाठ हाय. तिला हात लावशील तर बघ. आणि कृष्णातला म्हणावं, गाडीत झोप काढ."

भट्टी एकला पेटली. हाराचं सोनं एकदमच ओतायचं, म्हणून बाळासोंचा माल तिच्यात गेला नाही. कारागिराशी बोलून त्यांनी शनिवारी दुपारी त्याच्या घरच्या लहान मुशीत क्रांतीचं काम करायचं ठरवलं. त्यासाठी किती आर्जवं केली ते त्यांनी मागाहून सांगितलं. क्रांतीनं वडा-पाव मागवला, झुंबरबाईंकडं पाठ करून खाल्ला, आणि मग एक वडा न बोलता त्यांच्या फडक्यावर ठेवला.

पावणेतीनला संघप्रिया गर्दीतनं वाट काढत आली. केस विस्कटलेले, पर्स आडवी, हातात दिव्याचं भिंग आधीच काढलेलं. कुठाय, म्हणाली. सगळ्यांनी क्रांतीच्या गळ्याकडं बोट केलं.

मग जे झालं ते गुजरीनं कधी बघितलं नव्हतं. क्रांती पायरीवर हनुवटी वर करून बसली, दातांच्या डॉक्टरकडं बसावं तशी, आणि संघप्रिया गुडघ्यावर बसून तिच्या छातीवरच्या पुतळीला भिंग लावून बघायला लागली. हात लावला तो फक्त कडांना. दर्शनाहून परतणाऱ्या बायका थांबल्या. कुणी विचारलं काय झालं, कुणी सांगितलं गळ्यात काहीतरी निघालं. संघप्रिया एकेक अक्षर पुटपुटत होती आणि वहीत लिहीत होती. मध्येच तिनं ताटलीतली दुसरी पुतळी मागून घेतली, गळ्यातलीच्या शेजारी धरली, आणि भिंग एकीवरनं दुसरीवर नेत राहिली.

ती उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. तिनं सगळ्यांना कळेल असं सांगितलं. युरोपात पाण्यावर वसलेलं एक व्यापारी शहर होतं. तिथली ही सोन्याची नाणी. मसाले, कापड घ्यायला जहाजं आली की त्यांच्यासोबत ती आपल्याकडं यायची. सोनं इतकं चोख, की आपल्या लोकांनी ती खर्चायच्या ऐवजी गळ्यात घातली. ह्या बाजूला त्यांचा संत उभा आहे आणि समोर त्यांचा राजा गुडघे टेकून त्याच्याकडनं निशाण घेतोय. मागं चांदण्यांच्या महिरपीत त्यांचा देव. आपल्याला वाटलं, देवच असणार, रामसीता असतील, म्हणून आपण हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या पुतळीवर बघा, तोच संत, तोच राजा, पण अक्षरांच्या जागी काड्या. मावशींचे मामंजी बरोबर सांगत होते.

"म्हंजे आईच हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

"आई आहेच. पण मावशी, एवढंच असतं तर मी रडले नसते."

अशी नाणी माळांतून अजून सापडतात, तिनं सांगितलं, पण ती बहुतेक त्या राजांची, जे वर्षानुवर्षं गादीवर होते. हिच्यावरचं नाव एका अशा राजाचं होतं जो गादीवर बसला आणि काही दिवसांतच वारला. त्याच्या नावाची नाणी पाडायला वेळच कुठं मिळाला? तिनं ते नाव फक्त पुस्तकाच्या यादीत वाचलेलं. खात्रीसाठी तिनं फोटो पुण्याच्या आपल्या सरांना पाठवले. पाच मिनिटांत सरांचा फोन. नाव पुन्हा वाच, म्हणाले. तिनं वाचलं. अक्षरं सुटी करून वाच. तिनं तशी वाचली. मग सर घाईघाईनं म्हणाले, कुणाला हात लावू देऊ नकोस, कपाटात ठेव.

"सर, कपाटात कसं ठेवू? ते एका ताईंच्या गळ्यात आहे आणि उद्यापर्यंत निघणार नाही."

सगळी गल्ली हसली. सगळ्यांत मोठ्यानं क्रांती. मघाची तीच क्रांती आता गळ्यावरचा पदर सावरून ताठ बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, जरा लांबनं बघा पावणं, लांबनं.

झुंबरबाई बाजूला उभ्या होत्या. संघप्रियाच्या लक्षात आलं की दिवसभर जिनं हे नाणं मुठीत धरलं तिनं ते बघितलेलंच नाही. तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं, दिवा लावला, क्रांतीला उजेडाकडं वळवलं. झुंबरबाईंना आधी नुसता पिवळा धूर दिसला. मग त्यांनी मान इकडंतिकडं केली, भिंग मागं घेतलं, आणि धुरातनं एक माणूस वर आला. लांब झगा, डोक्यावर टोकदार टोपी, दोन्ही हातांत काठी, आणि गुडघे खाली टेकलेले.

"राजा म्हणालीस न्हवं? आणि गुडघ्यावर?"

"प्रत्येक नाण्यावर, मावशी. नवा राजा आला की नवं नाव, पण बसायचं गुडघ्यावरच."

झुंबरबाईंनी भिंग खाली ठेवलं आणि क्रांतीच्या गळ्याला हात जोडले. ज्यानं सोन्यावर स्वतःला वाकलेलं कोरून घेतलं, त्याच्या चित्राला इतकी वर्षं बायकांनी हळदकुंकू वाहिलं, ते काही वाया गेलं नाही असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी दहाला कृष्णातची गाडी पुन्हा बिंदू चौकात लागली. ह्या वेळेला क्रांतीसोबत काठी टेकत बनाबाई आल्या. संघप्रिया आदल्या रात्री कोल्हापुरातच बहिणीकडं राहिली होती, तीही वजनकाटा घेऊन हजर. झुंबरबाईंनी अंबाबाईचं नाव घेऊन गाठ सोडली, पुतळी काढली, डोरलं पुन्हा होतं तसं ओवून क्रांतीच्या गळ्यात घातलं. संघप्रियानं पुतळीचं वजन केलं, दोन्ही बाजू नीट उजेडात टिपल्या, कडेच्या वाकाचासुद्धा फोटो काढला. पुतळी साफ करायची नाही, कुंकवासकट ठेवायची, एवढंच तिचं मागणं होतं.

मग ती बनाबाईंच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं ती उलटीपालटी केली. एका लग्नात कुणा पावण्यांच्या बाईनं ही पितळी म्हणून नाक मुरडलं होतं. तेव्हापासून बनाबाईंच्या सासूनं ती पाठीमागं घातली, आणि पुढं बनाबाईंच्या गळ्यात माळ आली तेव्हा त्यांनीही ती तिथंच राहू दिली. मानेला टोचायची म्हणून हजारदा शिव्या दिल्या.

बाळासोंनी विचारलं, आता काय करायचं. मोडायची तर कुणी गोष्टच काढली नाही. क्रांती म्हणाली, हाराच्या दोन पाकळ्या गाळा, स्वप्नालीला मी सांगते. ती पुतळीचा फोटो रात्रीपासनं मैत्रिणींना दाखवत सुटलीया. बनाबाईंनी गळ्यातली बोरमाळ काढली आणि झुंबरबाईंच्या फडक्यावर ठेवली.

"हिच्यात घाल. मदोमद. पुढं."

झुंबरबाईंनी अंगठ्याला दोरा लावला. बोरमाळेचे मणी दोन्हीकडं सारखे मोजून मधे पुतळी बसवली, राजा आणि संत बाहेरच्या अंगाला. गाठ मारली, मेण लावलं. काम चालू असताना त्या डोकं वर न करता बाळासोंना म्हणाल्या की दिवाळी झाली की डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ या. बाळासोंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण लगेच आत जाऊन फोन लावला.

बनाबाई माळ गळ्यात घालून उठल्या. एवढ्या लांबनं आलोय तर देवीला दाखवून येऊ, म्हणाल्या. सुनेचा हात धरून त्या देवळाकडं निघाल्या. चार पावलं गेल्यावर थांबल्या आणि पदर खांद्यावरनं मागं सारला, पुतळी सगळ्यांना दिसेल असा. झुंबरबाईंना ते दिसलं नाही. गर्दीत हलणारा एक पिवळा ठिपका दिसला, आणि वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी पुढचं काम हातात घेतलं नाही.